सेल्युलर जेलमधला फासाचा दोर नेमका कोणासाठी होता?

भाट्येकर (रत्नागिरी)

अंदमानला जाऊन आल्यापासून एक शंका पिच्छा सोडत नाहीये, म्हणून हा धागा.

सेल्युलर जेलच्या आवारात फाशीघर आहे. वर तुळईला तीन दोर, खाली पायाखालून सरकणाऱ्या फळ्या, बाजूला खटका. आमच्या गाईडने छातीठोकपणे सांगितलं, "इथे हजारो क्रांतिकारक फासावर गेले." गटातल्या सगळ्यांनी हात जोडले. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, बाबा रे, चार नावं सांग. तर म्हणे, "सर, बहुत थे."

मला आठवतात ती नावं अशी. इंदुभूषण रॉय, १९१२ साली कोठडीत स्वतःच गळफास घेतला. महावीर सिंह, मोहन किशोर नामदास, मोहित मैत्र, हे तिघे १९३३ च्या उपोषणात गेले, नळीने बळजबरीने दूध घालताना. उल्हासकर दत्तांना वेड लागलं. यातला एकही सरकारी फासावर गेलेला नाही.

माझं मत असं झालंय की आपण ज्यांना राजबंदी म्हणून ओळखतो त्यांच्यासाठी तो दोर फारसा नव्हताच. तो होता साध्या जन्मठेपवाल्यांसाठी. खून-दरोडे करून आलेले, आणि तिथे येऊन पुन्हा कोणाच्या तरी जिवावर उठलेले. त्यांच्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

चोच_खुपसे

पहिला! शेंगदाणे घेऊन बसलोय. संध्याकाळपर्यंत धागा माफीनाम्यावर येतो की नाही बघा.

---

घाटमाथा

भाट्येकर, यातून तुम्हाला सिद्ध काय करायचंय? माणसं तिथे कोलूला (तेलाच्या घाण्याला) जुंपली गेली, ३० पौंड तेल नाही निघालं तर फटके खाल्ले, काही मेली. फासाने मेली की उपोषणाने, काय फरक पडतो? लहान मुलं शाळेच्या सहलीला जातात, त्यांच्या मनात श्रद्धा निर्माण होते, ती तुम्हाला खुपते का?

---

भाट्येकर

घाटमाथा, श्रद्धा माझीही आहे, म्हणून तर खरं काय ते हवंय. आणि फरक पडतो. नळी घालून मारलेल्या माणसाला 'फासावर गेला' म्हणालात तर ज्यांनी नळी घातली ते सुटले ना.

---

गजालीकार (मालवण)

गाईडाक कित्याक दोष देतास? पाचशे रुपये घेवन 'माका ठाऊक नाय' सांगणारो गाईड कोणाक व्हयो?

बाकी थंय मासे कसले गावतत ता कोणी लिवला नाय अजून.

---

कोर्टाची_पायरी (चिपळूण)

धागाकर्त्यांशी बराचसा सहमत, आणि याला कायद्यातच पुरावा आहे.

मुळात 'काळं पाणी' ही फाशीच्या खालची शिक्षा. फाशी माफ झाली म्हणून तर माणूस जहाजावर चढायचा. बारींद्र घोष आणि उल्हासकर दत्त यांना अलीपूर खटल्यात १९०९ साली फाशीच झाली होती, अपिलात ती जन्मठेप झाली आणि मग अंदमान. १९१५ च्या लाहोर कटात चोवीस जणांना फाशी सुनावली, त्यातल्या सतरा जणांची व्हाइसरॉयने जन्मठेप केली. उरलेले सात लाहोरलाच फासावर गेले, त्यात आपले तळेगावचे विष्णू गणेश पिंगळे होते. भाई परमानंद त्या सतरांतले, ते अंदमानात पोचले. ज्याला लटकवायचंय त्याला मद्रास-कलकत्त्याहून आगबोटीचं भाडं भरून पाठवायला सरकार काय खुळं होतं?

आता दुसरी बाजू. जन्मठेप भोगणारा माणूस बेटावर आहे. घर गेलं, जमीन गेली, परत जायची आशा नाही. त्याने पहारेकऱ्याचा गळा घोटला तर आणखी काय शिक्षा देणार? पुन्हा जन्मठेप? म्हणून १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ३०३ घातलं. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशी आणि फाशीच. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. ३०७ मध्येही तसंच शेपूट होतं. जन्मठेपवाल्याने खुनाचा प्रयत्न केला आणि समोरच्याला नुसती दुखापत झाली तरी फाशी देता येत होती. भाट्येकर विचारतात तो दोर या कलमांचा.

हे ३०३ स्वातंत्र्यानंतरही पस्तीस वर्षं जिवंत होतं बरं का. १९८३ साली मिठू विरुद्ध पंजाब राज्य या निकालात घटनापीठाने ते रद्द केलं, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. जन्मठेपेचा कैदी काय परिस्थितीत खून करतो याकडे बघायचंच नाही, हा कुठला न्याय, असा साधारण सूर होता.

---

चोच_खुपसे

वकीलसाहेब, दंडवत. फी किती झाली ते व्यनि (खासगी निरोप) करा.

---

पडवीतला_झोपाळा (दापोली)

भाट्येकर आणि वकीलसाहेब, दोघांचंही म्हणणं सेल्युलर जेलपुरतं ठीक. पण जेल बांधायला घेतला १८९६ ला, पुरा झाला १९०६ ला. कैद्यांची वसाहत सुरू झाली १८५८ ला. मधली जवळजवळ चाळीस वर्षं तुम्ही गाळलीत, आणि खरी कत्तल तिथेच आहे.

१० मार्च १८५८ ला डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. हा आग्र्याच्या तुरुंगाचा माजी अधीक्षक. कैदी बहुतेक सत्तावन्नच्या बंडातले. त्यांना जंगल तोडायला लावलं. भिंत नाही, कोठडी नाही, चहूकडे समुद्र, म्हणजे पळणार कुठे असा हिशेब. पण माणसं पळालीच, घोळक्याने पळाली. त्यांच्यात बातमी अशी होती की हे रान पुढे ब्रह्मदेशाला जाऊन भिडतं, काही दिवस चाललं की तिथल्या राजाच्या पदरी चाकरी मिळेल. गंगेकाठची माणसं, समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला. आपल्याकडचा हर्णैचा एखादा खलाशी त्यात असता तर वारा बघूनच म्हणाला असता, बाबांनो बसा गप.

रानात अंदमानी लोकांचे बाण. जे जखमी होऊन, उपाशीपोटी परत आले त्यांना वॉकरने काय केलं? मे महिन्यात एका दिवसात ऐंशीहून जास्त लोकांना फाशी दिली. पळून गेले म्हणून. खून नाही, मारामारी नाही.

पहिल्या तीनेक महिन्यांचा सरकारी हिशेब असा: आलेले कैदी ७७३. इस्पितळात मेले ६४. पळाले आणि पुन्हा दिसले नाहीत १४०. आत्महत्या १. फाशी ८७. शिल्लक ४८१. बेरीज करून बघा, बरोबर जुळते. किराणा दुकानाच्या वहीसारखी जुळते.

आणि हे बहुतेक सत्तावन्नचे. म्हणजे राजकीयच की. तेव्हा "राजबंदी फासावर गेले नाहीत" हे विधान असं सरसकट करू नका.

---

घाटमाथा

वा! आता बोला भाट्येकर.

---

भाट्येकर

बोलतो की. प्रश्न सेल्युलर जेलच्या दोराचा होता आणि त्यावर मी ठाम आहे. झोपाळाकाका म्हणतात ते ८७ वेगळ्या जागी, वेगळ्या काळात गेले, आणि माझी तक्रार त्यांच्या बाबतीत दुप्पट आहे. जिथे कोणी ओळखीचा फासावर गेला नाही तिथे आपण हात जोडतो आणि या ८७ मधलं एकही नाव आपल्याला सांगता येत नाही. ध्वनिप्रकाशाच्या खेळात पिंपळ बोलतो, सगळं सांगतो, पण माझ्या मनात राहतील असे ते ८७ काही त्यात आले नाहीत.

---

थिबा_पॉइंट (रत्नागिरी)

झोपाळाकाका, तुमच्या प्रतिसादातला ब्रह्मदेशाचा राजा वाचून अंगावर काटा आला. ज्या राजाकडे ते धावत होते तो मिंडन. त्याचा मुलगा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं, थिबाला उचललं आणि ८६ मध्ये कुठे आणून ठेवलं? आमच्या रत्नागिरीत! राजवाडा बांधून मिळाला १९१० ला, १९१६ ला इथेच वारला, समाधी इथेच.

म्हणजे बंडवाल्यांना पूर्वेच्या बेटावर टाकायचं, ते ज्याच्या आसऱ्याला धावतात त्याच्या पोराला पश्चिम किनाऱ्यावर टाकायचं. समुद्राचा वापर कसा करावा ते इंग्रजांकडून शिकावं.

आणि पुढे सावरकरांना अंदमानातून आणलं ते आधी अलीपूर, मग रत्नागिरीचाच तुरुंग, आणि १९२४ पासून रत्नागिरी जिल्ह्यातच स्थानबद्ध. आमचं गाव म्हणजे काय सरकारची अडगळीची खोली होती की काय.

---

गजालीकार

थिबाक आंबे तरी गावले. थंयच्यांका काय गावला?

---

सोडण_ते_सुंभ (वेंगुर्ला)

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमचा काथ्याचा धंदा, आजोबांपासून. फाशी राहू दे, काथ्या कुटण्याबद्दल कोणीच नीट लिहीत नाही.

आम्ही सोडणं (नारळाची वरची सालं) खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजवतो. वर दगड ठेवून दाबून. मग ती मऊ पडतात, कुटली की धागा सुटतो, वास मात्र असा येतो की पाव्हणे उंबऱ्यावरूनच परत फिरतात. तरीसुद्धा दिवसभर मोगरी चालवली की संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडताना बोटं वळत नाहीत. अंदमानात कैद्याला वीसेक नारळांची सुकी सोडणं द्यायचे. सुकी! आधी कुटून वरची साल सोडवायची, मग भिजवायची, पुन्हा कुटायची, भूस झाडायचं, आणि संध्याकाळी वजन करून द्यायचं. वजन कमी भरलं की शिक्षा. ज्याने कधी सुकं सोडण कुटून बघितलंय त्याला 'हलकं काम' म्हणजे काय ते कळेल. कारण तिथे हे हलकं समजलं जायचं, जड काम म्हणजे कोलू.

फाशीघर बघताना लोक हात जोडतात, शेजारी मोगरी ठेवलेली असते तिचे फोटो काढून पुढे जातात.

---

सुरंगीचा_वळेसर

दादा, किती छान लिहिलंत. वेगळा धागा काढा ना काथ्यावर.

---

पडवीतला_झोपाळा

+१. आणि फाशीचे दोर कुठून यायचे हे कोणाला ठाऊक आहे का?

---

कोर्टाची_पायरी

भारतात फाशीच्या दोरासाठी बक्सरचा तुरुंग प्रसिद्ध, बिहारमधला. कैदीच वळतात. अंदमानात कुठला वापरत ते बक्सरवाल्यांनाच विचारा.

---

नांगरलेले_गलबत (मुरुड)

व्हायपर बेटाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. खरी फाशीची जागा ती. सेल्युलर जेलच्या आधी तुरुंग तिथे होता, १८६० च्या दशकातला. वसाहतीत आल्यावर पुन्हा गुन्हा करणारे, पळणारे, अंगावर येणारे, असे सगळे व्हायपरच्या साखळीत. बेटाचं नाव सापावरून नाही, लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअरच्या 'व्हायपर' जहाजावरून. टेकाडावर लाल विटांची, घुमटाची फाशीची इमारत अजून उभी आहे. खाली धक्क्यावर उतरलं की मान वर करून आधी तीच दिसते. मुद्दाम तशी बांधली असणार.

तिथेच शेर अली आफ्रिदी फासावर गेला. पेशावरकडचा पठाण, सरकारच्याच नोकरीत होता. भाऊबंदकीच्या वैरातून खून केला म्हणून १८६७ ला फाशी झाली, ती जन्मठेपेवर आली. अंदमानात वागणूक चांगली म्हणून न्हाव्याचं काम मिळालं, म्हणजे बऱ्यापैकी मोकळा. ८ फेब्रुवारी १८७२ ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वसाहत बघायला आला होता. दिवसभर बेटं फिरला, व्हायपरही बघितलं, संध्याकाळी माउंट हॅरिएटवर सूर्यास्त बघायला गेला. उतरून होपटाउनच्या धक्क्यावर आला तेव्हा अंधार पडला होता, मशाली होत्या. बोटीकडे जाताना शेर अलीने मागून झेप घालून सुरा भोसकला. पदावर असताना मारला गेलेला हा एकमेव व्हाइसरॉय.

(जुन्या विसाच्या तांबूस नोटेवर मागे समुद्र आणि नारळीची झाडं होती ना? ते दृश्य माउंट हॅरिएटकडचंच. आता डोंगराचं नाव माउंट मणिपूर.)

आता झोपाळाकाकांच्या ८७ शी ताडून बघा. शेर अलीला सगळ्यांदेखत पकडलेला. तरी खटला चालला, शिक्षा मंजुरीसाठी कलकत्त्याच्या हायकोर्टात गेली, मंजूर होऊन परत आली, आणि ११ मार्चला व्हायपरवर फाशी. व्हाइसरॉयला मारणाऱ्याला महिना मिळाला. भुकेने परत आलेल्या ऐंशी जणांना काय मिळालं होतं? वॉकरची सही. कलकत्त्याच्या सरकारलाही ते पसंत पडलं नव्हतं म्हणतात, पण माणसं तर गेली होती.

---

चोच_खुपसे

आणि त्या पळालेल्यांतला दूधनाथ तिवारी विसरलात का! १४ व्या पलटणीतला शिपाई. एप्रिल ५८ मध्ये पळाला, बाण लागले तरी वाचला, अंदमानी लोकांत वर्षभर राहिला, लग्नही केलं. मग ते लोक वसाहतीवर चालून येणार हे कळल्यावर मे १८५९ मध्ये आधीच येऊन इंग्रजांना खबर दिली. ॲबरडीनची लढाई ती. बक्षीस म्हणून शिक्षा माफ.

पळून रिकाम्या हाताने आलात तर फाशी. चुगली घेऊन आलात तर माफी.

---

घाटमाथा

माफीचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो, सावरकरांच्या अर्जांवरून जे लोक…

---

संपादक मंडळ

या विषयावर वेगळे धागे आहेत, तिथे अजून जागा शिल्लक आहे. इथले काही प्रतिसाद उडवले आहेत. फासावर गेलेल्यांवर बोला, नाहीतर धाग्यालाच फाशी द्यावी लागेल.

---

चोच_खुपसे

संध्याकाळचे साडेपाच. मी म्हटलं नव्हतं?

---

माहेरची_जगबुडी (ठाणे)

मी ठाण्यात राहते, माहेर खेडचं. भाट्येकरांच्या म्हणण्याला आमच्याच भागातला दाखला देते.

अनंत कान्हेरे आमच्या खेड तालुक्यातला. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी, सोबत कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. कान्हेरे अठराचा. त्याच जॅक्सन प्रकरणात पिस्तुलं पुरवल्याबद्दल सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली, आणि तेही अंदमानला जाण्याआधी याच ठाण्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या कैद्याच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६०.

एकच प्रकरण, एकच तुरुंग. फाशीवाले इथेच संपले, जन्मठेपवाले पुढे गेले. आमच्या घरापासून तुरुंगाची भिंत चालत जाण्याइतकी लांब आहे. मुलांना अंदमानला न्यायला लोक लाखभर खर्च करतात, चांगलंच आहे, पण ठाणे स्टेशनवरून रिक्षाने जाता येईल अशा जागी तिघे फासावर गेले हे ठाण्यातल्या किती मुलांना माहीत आहे?

---

सुरंगीचा_वळेसर

ताई, माझा मुलगा ठाण्यात कॉलेजला आहे. आत्ताच फोन करून विचारलं. म्हणाला, "कोण कान्हेरे? कान्हेरे मैदान नाशिकला आहे ना?"

---

थिबा_पॉइंट

निदान मैदान तरी माहीत आहे. क्रिकेटचे आभार.

---

नांगरलेले_गलबत

काळ्या पाण्यात आणखी एक कोकणी माणूस धरा, फक्त समुद्र दुसरा. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. अंदमानला न पाठवता एडनला पाठवले, पळाले, पकडले गेले, १८८३ ला तिथेच वारले. पनवेलजवळच्या माणसाला वाळवंटात नेऊन टाकलं.

---

पडवीतला_झोपाळा

एक राहिलंच. अंदमानातल्या सगळ्याच हत्या इंग्रजांच्या नाहीत. १९४२ ते ४५ जपानी होते. नेताजी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवून गेले. पुढच्या पंधरा दिवसांत डॉ. दिवाण सिंह यांचा त्याच सेल्युलर जेलमध्ये छळ करून जीव घेतला, आणि ३० जानेवारीला हम्फ्रीगंजला ४४ जणांना हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. बेटावरच राहणारी माणसं. नेताजींना याची कल्पना नव्हती म्हणतात.

---

घाटमाथा

हे मला माहीत नव्हतं. गाईडनेही सांगितलं नाही.

---

गजालीकार

गाईड नेताजींच्या झेंड्यार पैशे घेता. फुडचा सांगूक जादा चार्ज.

---

सुरंगीचा_वळेसर

एवढं सगळं वाचून आता जायचंच ठरवलंय. आई ७४ वर्षांची, गुडघे दुखतात. व्हायपरचं टेकाड झेपेल का? आणि बोट रोज असते का?

---

भाट्येकर

ताई, बंदरातल्या बेटांची फेरी करवणाऱ्या बोटी असतात, पण प्रत्येक फेरीत व्हायपर असतंच असं नाही. तिकीट काढण्याआधी ठासून विचारा, नाहीतर भलत्याच बेटावर नेऊन काचेच्या तळाच्या बोटीत बसवतात. चढ फार नाही, पण सावली कमी. आईंना सकाळच्या वेळेला न्या. सेल्युलर जेलचे जिने जास्त त्रासाचे आहेत, त्यांना खाली बाकावर बसवून तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जाऊन या.

आणि गाईड केलात तर त्याला ८७ चा आकडा विचारा. काय म्हणतो ते इथे येऊन लिहा.

---

सुरंगीचा_वळेसर

नक्की विचारते. गजालीकार, माशांची चौकशीही करून येते.

---

गजालीकार

करा, ताई. कोणीतरी म्हणालो सुरमय बरी गावता. पण तिरफळां हयसून घेवन जावा, थंय मागल्यात तर लोक तोंडाकडे बघीत रवतीत.